दोन भावांचे दाताळे

मी एक जुने दाताळे आहे, गवत गोळा करणारे. अंगणातल्या पालापाचोळ्याचे लाकडी दाताळे तुम्ही पाहिले असेल, मित्रांनो. मी त्याच कुळातला, पण चांगला आडदांड. मला दोन लांब भुजा आहेत आणि प्रत्येक भुजेवर तारेच्या दात्यांची मोठमोठी चाके. या चाकांना इंजिन नाही. ट्रॅक्टरने मला ओढले की ती जमिनीला घासून आपोआप फिरतात आणि वाळलेले गवत दोन्ही बाजूंनी मध्ये लोटतात. मागे गवताची एक सरळ ओळ उरते. भुजा उचलायला आणि टेकवायला मात्र ट्रॅक्टरमधले तेल लागते. ते काळ्या रबरी नळ्यांतून भयंकर दाबाने माझ्यात येते.

एका कारखान्यात माझी जोडणी झाली आणि मी या घरी आलो. घरात दोघे भाऊ, थोरल्याची बायको आणि गोठाभर गायी. मला पोहोचवायला आलेल्या मिस्त्रीने थोरल्याला सगळे समजावून दिले. “दाते जमिनीला जेमतेम शिवले पाहिजेत. आणि नळी गळायला लागली तर हाताने चाचपू नका. इंजिन बंद करा, दाब उतरवा. तेलाची बारीक धार कातडीत घुसते, बाहेर नुसता ठिपका दिसतो आणि आत हात सडतो.” धाकटा तेव्हा फाटक उघडायला गेला होता. त्याला सावकाश सांगू, असे थोरल्याने ठरवले आणि ते राहून गेले.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. वहिनी तर मला धुवून पुसून ठेवायची. म्हणायची, “घरात एवढं मुकाट्याने काम करणारं हे एकच आहे.” दोघे भाऊ ऐकून न ऐकल्यासारखे करत.

पुढे एका हंगामात त्यांच्यात बिनसले, आणि तेही माझ्यावरून. माझ्या प्रत्येक भुजेला एक स्प्रिंग आहे आणि तिला साखळी. साखळीची कडी बदलली की चाकांचा जमिनीवरचा दाब कमी-जास्त होतो. थोरला म्हणे, दाब वाढव, मागे काडी राहता कामा नये. धाकटा म्हणे, दाब वाढवला की गवतात माती येते. शब्दाने शब्द वाढला. जुनी उणीदुणी निघाली आणि शेवटी दोघांनी अबोला धरला.

मग एक अजब प्रकार सुरू झाला. उजवी भुजा थोरला लावी, डावी धाकटा. एकीकडे दाते जमीन उकरत, दुसरीकडे गवतावरून नुसतेच फिरत. माझी ओळ सापासारखी वाकडी पडू लागली. मातकट वैरणीला गायींनी नाके मुरडली. वहिनी दोघांच्या मध्ये उभी राहून निरोप पोहोचवी. “त्याला सांग, कडी सोडव.” “त्यांना सांगा, आधी स्वतःची बघा.” दोघे हातभर अंतरावर उभे असत. एकदा ती वैतागून म्हणाली, “मला दोन दोर बांधा, म्हणजे ट्रॅक्टरलाही मीच ओढते.”

अशातच माझी डावी भुजा मागे राहू लागली. उजवी उचलली जाई, डावी रेंगाळे. थोरल्याला वाटले, धाकट्यानेच काहीतरी करून ठेवले. धाकट्याला वाटले, दादा हे आपल्यावर ढकलणार. खरे तर दोष माझा होता. डावी नळी लोखंडाला घासून घासून झिजली होती आणि तिला सुईच्या टोकाएवढे भोक पडले होते. मला सांगता आले असते तर!

आभाळ भरून आले होते. कापलेले सगळे गवत रानात पसरलेले, आणि वहिनी गोठ्यात गुंतलेली. थोरला ट्रॅक्टरवर बसून माझ्या भुजा उचलणारा दांडा पुन्हा पुन्हा ओढत होता. धाकटा मागून आला. नळी ओली दिसली तसा तो खाली वाकला आणि तिच्यावरून बोट फिरवू लागला. “इंजिन बंद कर,” एवढे तीन शब्द त्याला म्हणायचे होते. ते त्याच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडले. थोरल्याने मागे वळून पाहिले नाही. त्याने दांडा ओढला.

माझेच तेल धाकट्याच्या बोटात शिरले. तो दचकून मागे सरला. रक्ताचा थेंबही नव्हता, फक्त एक ठिपका. तो बोट चोखत उभा राहिला, तेव्हा थोरल्याचे लक्ष गेले. त्याला मिस्त्रीचे बोलणे आठवले.

“गाडीत बस,” तो म्हणाला. कित्येक दिवसांनी तो भावाशी बोलला होता.

“काटा टोचल्यासारखं झालंय नुसतं. पाऊस येतोय, आधी गवत—”

“गवत गेलं खड्ड्यात. बस म्हणतो ना.”

मी रानात तसाच उभा राहिलो, एक भुजा वर, एक खाली. पाऊस आला. वहिनी एकटीच लाकडी दाताळे घेऊन जेवढे जमेल तेवढे ओढत राहिली. बाकीचे गवत काळे पडले. त्या हिवाळ्यात दोन गायी तिच्या माहेरी पाठवाव्या लागल्या. धाकट्याचे बोट कापावे लागले. हात मात्र वाचला. आणखी उशीर झाला असता तर तोही गेला असता, असे डॉक्टर म्हणाले. थोरला दवाखान्याच्या बाकावर बसून रडला, हे वहिनीने मला पुसताना गायीला सांगितले, म्हणून मला कळले.

मित्रांनो, मला राग त्या दोघांचा नाही, त्या न बोललेल्या शब्दांचा आहे. यंत्राला तेलपाणी करा, नळ्या झिजल्या तर वेळेवर बदला, आमच्याजवळ येण्याआधी इंजिन बंद करा. आणि घरातल्या माणसावर कितीही रुसलात तरी कामाचे बोलणे बंद करू नका. आम्हा लोखंडाच्या जिवांना हात आणि गवत यांतला फरक कळत नाही. तो तुम्हीच एकमेकांना सांगायचा असतो.

आता मी छपराखाली असतो. माझी जागा नव्या दाताळ्याने घेतली आहे. हंगाम आला की बाहेर ट्रॅक्टर सुरू होतो आणि थोरल्याचा आवाज येतो, “हात कुठाय तुझा?”

“वर आहे, दादा.”

ते ऐकल्याशिवाय तो दांड्याला हात लावत नाही.