लोकरीचा आकडा

रुसे शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत रांगेलइतकं कमी बोलून तेवढाच पगार घेणारा माणूस दुसरा नाही. मी कचेरी सांभाळते, म्हणून माहीत.

त्या सकाळी स्पास्काबाई लोकरीची जाड लादी काखेत मारून आली. मेंढ्या घरच्या, डिंक घरचा. लादीतून उष्णता किती झिरपते ते मात्र देवाला ठाऊक. आकडा चाळिसाच्या आत आला तर शाळेच्या भिंतींना अशा लाद्या लावायचं काम तिला, नाहीतर तिच्या कारखान्याला टाळं. अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेत हवा होता.

रांगेलनं गरम आणि थंड पत्र्यांमध्ये लादी दाबली. आज मुख्य देवदूतांचा दिवस, म्हणजे त्यांच्यावरून नाव ठेवलेल्या रांगेलचा नामदिन, हे त्यानं हिशेबात धरलंच नाही. बायको जाऊन वर्ष उलटलेलं. त्याला वाटलं, आता कोण येतंय.

नामदिनाला आमच्यात बोलवावं लागतं थोडंच! एकामागून एक आले, कुणी बाटली घेऊन, कुणी चीजचा बानित्सा. दार उघडलं की बाहेरचा गारठा आत, माणसांची ऊब आत. यंत्राच्या पडद्यावरची रेघ उड्या मारू लागली.

"अहो, दार लावा ना!" स्पास्काबाई कळवळली.

"नामदिनाला दार लावतात होय?" मी म्हटलं. "लोक तोंडात शेण घालतील."

दुपारी रांगेलनं आकडेमोड केली. "एकेचाळीस. चार इकडे, चार तिकडे."

"म्हणजे सदतीसही असेल?"

"पंचेचाळीसही असेल."

"मग अडतीस लिहा की, भाऊ. खोटं तर नाही!"

"खरंही नाही."

"तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?"

रांगेलनं जरा विचार केला. "नाही वाटत," म्हणाला, आणि उठून आतून कुलूप लावलं. मोजणी पुन्हा सुरू केली.

बाहेर थापा पडल्या. "रांगेल, कंजुषा, बाटली लपवतोस काय?" मग थापाही थांबल्या. दिवेलागणीपर्यंत रेघ सरळ झाली.

"बेचाळीस. अर्धा इकडे, अर्धा तिकडे."

स्पास्काबाईनं उरलेला बानित्सा उचलला आणि उभ्यानंच खाल्ला. "सकाळचा गोंधळ बरा होता," ती म्हणाली. "त्यात सदतीस तरी होता."

"घरीही तसंच होतं, बायको होती तोवर," रांगेल म्हणाला, आणि बेचाळीस लिहिला.

तिनं लादी काखेत मारली, कुलूप स्वतःच काढलं. दारात तिला नामदिन आठवला.

"शंभर वर्षं जगा, भाऊ."

त्यानं मान हलवली आणि यंत्र बंद केलं.