जिराफाचं माप

वजनमापे खात्यातल्या निरीक्षक बाईशी लग्न केलं की नवऱ्याने दोन गोष्टींची सवय करून घ्यावी, असं राकेश पूर्वी सगळ्यांना सांगायचा. एक म्हणजे, चहात चमचाभर साखर हवी असेल तर कुठला चमचा तेही सांगावं लागतं. दुसरी म्हणजे, मंडईत भाजीवाले न मागता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकतात, ती तिथल्या तिथे परत करायची असते. हे सांगताना तो आम्रपालीकडे बघून हसायचा, आणि ती "झालं का?" म्हणून डोळे वटारायची. गेल्या सात महिन्यांत त्याने हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी वरच्या मजल्यावरच्या कादंबरी-अवधूतबरोबर शहराबाहेरच्या पार्कात जायचं, हा वारज्याला राहायला आल्यापासूनचा शिरस्ता. त्यांची स्वराली आणि आम्रपालीची पूर्वा एकाच वर्गात, एकाच बाकावर. यंदा कादंबरी आठवडाभर जिन्यात घुटमळत होती. शेवटी एकदा कोथिंबीर निवडत बसलेल्या आम्रपालीसमोर येऊन बसली आणि स्वतःही निवडायला लागली.

"स्वराली म्हणते, मावशी आणि काका आले नाहीत तर मीही जाणार नाही. मी समजावलं गं तिला, पण..."

"कशाला समजावलंस? येतो आम्ही."

राकेशला तिने रात्री जेवताना सांगितलं. तो "बरं" म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच बरं म्हणायचा. गॅस संपला, बरं. पंखा खडखडतोय, बरं. पूर्वा ऑक्टोबरात डेंग्यूने चार दिवसांत गेली, त्यानंतर आठव्या दिवशी मात्र तो एक पूर्ण वाक्य बोलला होता. भिंतीकडे तोंड करून म्हणाला होता, "एवढं एक बसू दिलं असतंस तिला." त्यानंतर त्याने ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. पण ते घरातच होतं. दोघं एकमेकांना वाट द्यायला बाजूला सरकत, तशी त्यालाही देत.

बसू दिलं असतंस, ते गरुडझेपमध्ये. पार्कातली सगळ्यात उंच रोलर कोस्टर ती. तिच्या दारात लाकडी जिराफ उभा असतो आणि त्याच्या मानेवर लाल रेघ. रेघेखाली 'उंची १२० सें.मी. पूर्ण असल्यासच प्रवेश.' गेल्या वर्षी पूर्वा सकाळी उठल्या उठल्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली होती. आम्रपालीने डोक्यावर आडवं पुस्तक धरलं, पेन्सिलीने खूण केली, पर्समधली गुंडाळीची स्टीलची पट्टी काढून मोजलं. एकशे एकवीस. पूर्वाने ते आकडे गाणं म्हणावं तसे पार्कापर्यंत म्हटले होते.

आणि दुपारी जिराफापाशी ती बोटभर कमी भरली.

"अहो, सकाळी हिच्या आईनेच मोजलंय," राकेश रखवालदाराला म्हणाला. "ही सरकारची माणूस आहे. दुकानदारांची मापं तपासते."

रखवालदाराने पूर्वाच्या तोंडाकडे बघितलं. "बोटभर तर हाय," तो म्हणाला, "जाऊ द्या तिला."

त्यावर आम्रपाली म्हणाली होती, "नाही. असं कसं जाऊ द्या? सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच भरतं, दुपारपर्यंत कमी होतं. माझं पुस्तकही तिरकं धरलं गेलं असेल. माप म्हणजे माप." वीस वर्षं ती दुकानदारांना हेच सांगत आली होती. लाल रेघ, छापील आकडा, खाली 'व्यवस्थापनाच्या आज्ञेवरून'. शंका घ्यायचीच होती तर तिने ती स्वतःच्या हातावर घेतली. पूर्वा थोडी रडली. मग आईच्या मांडीवर बसून मक्याचं कणीस खाताना म्हणाली, "पुढच्या वर्षी मी पहिल्या डब्यात बसणार. स्वराली दुसऱ्या."

यंदा अवधूतच्या गाडीत माणसं पाच आणि जागा सात. खिडकीजवळच्या मोकळ्या सीटवर कादंबरीने पाण्याची मोठी बाटली ठेवली. स्वरालीने काही न बोलता ती उचलून मांडीवर घेतली आणि तासभर तशीच धरून बसली. वाटेत सगळ्यांनी आपापल्या खिडकीतून बाहेर बघून घेतलं.

पार्काच्या फाटकावर पाटी होती: 'बाहेरील खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत. पोटातले चालतील.' अवधूत ती दरवर्षी खणखणीत आवाजात वाचायचा. यंदा त्याने अर्धी वाचली आणि चष्मा पुसायला लागला.

"पोटातले चालतील," उरलेली राकेशने वाचली. "वहिनींच्या डब्यातल्या पुऱ्या म्हणजे आत्ताच खाऊन घ्याव्या लागणार."

कादंबरी गरजेपेक्षा जास्त मोठ्याने हसली. सगळ्यांनीच तिच्या मागून हसून घेतलं. गाडीला टेकून पुऱ्या खाल्ल्या. आम्रपालीला वाटलं, निभेल दिवस.

आणि निभतही होता. स्वराली घसरगुंडीवर गेली, पाण्यात गेली, भिजून आली. प्रत्येक वेळी येऊन आम्रपालीच्या शेजारी बसायची, मग आईकडे जायची. चार वाजता ती म्हणाली, "मावशी, गरुडझेपला तू खाली उभी राहशील? मला दिसशील अशी?"

"राहीन की."

"काका पण?"

राकेश बरं म्हणाला.

रांग मोठी होती. अवधूत आणि कादंबरी आइस्क्रीम आणायला गेले. रखवालदार गेल्या वर्षीचाच होता. छातीवर वैजनाथ असं नाव लावलेलं. जिराफही तोच. नवीन रंग दिल्यामुळे जरा जास्तच हसरा. स्वराली रेघेच्या वर तीन-चार बोटं भरली आणि ओशाळल्यासारखी मागे बघत आत गेली. आम्रपाली आणि राकेश कठड्यापाशी उभे राहिले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ती तशी का सुटते, हे दोघांपैकी कोणी बघत नव्हतं.

स्वरालीमागून पिवळ्या फ्रॉकातली एक मुलगी आली. टाचा जमिनीला चिकटवून, मान ताणून जिराफाला पाठ लावली.

"बोटभर कमी हाय, ताई," वैजनाथ तिच्या आईला म्हणाला.

"असं कसं? परवाच शाळेत मोजली. एकशे एकवीस भरली."

"शाळेचं माप शाळेत. हितं जिराफ म्हणंल तेच."

मुलगी रडली नाही. खाली बघत आपली चप्पल शोधू लागली.

आम्रपालीने पर्सचा पट्टा घट्ट धरला होता, ते तिला नंतर कळलं. एकशे एकवीस. बोटभर. तोच आकडा, तेवढंच बोट. दुकानात दोन गिऱ्हाइकांनी वेगवेगळ्या दिवशी एकच तक्रार केली, तर तपासायचा तो काटा, गिऱ्हाईक नाही. हे ती नवीन पोरांना खात्यात शिकवत असे.

तिची नजर जिराफाच्या पायांवरून खाली गेली. लाकडी पायांखाली कडाप्प्याचे दोन तुकडे होते, एकसारखे कापलेले. मूल जमिनीवर उभं राहत होतं आणि जिराफ कडाप्प्यावर.

तिला वाटलं, मागे फिरावं. अवधूतने आइस्क्रीम आणलं असेल. पट्टी काढली नाही तर काहीच झालेलं नाही; पूर्वा बोटभर कमी होती, नियम नियम होता, आणि आई चुकलेली नव्हती. तेवढं तरी होतं आपल्याकडे. त्याच्यावरच तर सात महिने काढले. आणि राकेश तीन हातांवर उभा होता.

पिवळ्या फ्रॉकातल्या मुलीने एक चप्पल पायात घातली.

"थांब बाळ," आम्रपाली म्हणाली. "चप्पल घालू नकोस."

तिने पर्समधून स्टीलची पट्टी काढली. घरी ती गेल्या मेपासून उघडली नव्हती. वर लाल रेघेला धरली, खाली सोडली, पण पट्टी लवत होती आणि टोक जमिनीवर टेकेना. तेवढ्यात कोणीतरी गुडघ्यावर बसलं आणि शून्याच्या टोकावर अंगठा दाबून धरला. राकेश होता.

"किती?" त्याने खालूनच विचारलं.

खोटं माप तिला आयुष्यात सांगता आलं नव्हतं. आत्ता एकदा सांगावंसं वाटलं.

"एकशे बावीस."

राकेश हलला नाही.

"ओ मॅडम, काय चाललंय?" वैजनाथ पुढे आला. तिने ओळखपत्र दाखवलं आणि पायाखालचे तुकडे दाखवले. तो वाकून बघत राहिला. "आयला. पावसात हितं पाणी साचतंय. लाकूड कुजू नाय म्हणून सारलं ते. दोन वर्सं झाली असतील. कुनी काय बोललंच नाय."

"दोन वर्षं," आम्रपाली म्हणाली. "मुलीला आत सोडा. आणि ते तुकडे काढा."

वैजनाथने स्वतः जिराफ उचलला, तुकडे पायाने बाजूला केले. पिवळ्या फ्रॉकातली मुलगी पुन्हा उभी राहिली. रेघ तिच्या केसांना लागली. आईने आम्रपालीचा हात धरून काहीतरी म्हटलं. तिला ते ऐकू आलं नाही. वर फलाटावरून स्वराली ओरडत होती.

"मावशी! पहिला डबा रिकामा आहे! मी बसू?"

आम्रपालीने फलाटाकडे बघितलं.

"बस," राकेश खालूनच ओरडला. "बस गं!"

स्वराली बसली. शेजारी ती नवीन मुलगी बसली. दांडी खाली आली आणि गाडी खडखडत चढायला लागली.

वैजनाथ आम्रपालीकडे निरखून बघत होता. "मॅडम, तुमी त्याच ना? मागच्या साली मी सोडत होतो अन् तुमी नको म्हनला? बारकी होती तुमची, लई बोलकी. तिला नाय आनली यंदा? यंदा बसली असती की."

"नाही आणली," राकेश म्हणाला.

तो अजून गुडघ्यावरच होता. पट्टीचं टोक त्याच्या अंगठ्याखाली, दुसरं तिच्या हातात.

"सकाळी एकशे एकवीस होती," तो म्हणाला. विचारत नव्हता.

"हो."

"दुपारी कमी होऊन?"

"एकशेवीस. वर केसभर."

"म्हणजे भरली होती."

"भरली होती, राकेश."

आता तो बोलेल, असं तिला वाटलं. आठव्या दिवशीचं ते वाक्य तोंडावर बोलेल, आणि तिला ते हवंही होतं. राकेशने फक्त मान वर केली. डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायला त्याने अंगठा काढला नाही.

"तू बरोबर मोजलं होतंस," तो म्हणाला.

"मोजलं बरोबर," ती म्हणाली, "आणि ऐकलं लाकडाचं."

वर गाडी टोकाला पोचली, क्षणभर थांबली आणि सगळ्या मुलांच्या किंकाळ्या एकदम खाली आल्या. पहिल्या डब्यात दोन्ही मुलींचे हात वर होते.

"सोड आता," आम्रपाली म्हणाली. "लोक थांबलेत."

"थांब जरा. एकशेवीसवर धर."

तिने हात दोन सेंटिमीटर खाली घेतला. सवयीने तळहात आडवा झाला, डोक्यावर पुस्तक धरावं तसा. राकेश त्या हाताखाली बघत राहिला. पट्टी दोघांच्या मध्ये ताठ उभी होती.

"अहो काका, माप झालं असेल तर आटपा की!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. "आम्हाला आज घरी जायचंय!"

वैजनाथने एकदा राकेशकडे बघितलं, एकदा त्या आडव्या तळहाताकडे. मग रांगेपुढे साखळी लावली आणि पाठमोरा उभा राहिला.