खांबावरची पट्टी

फेरी स्ट्रीटवर काहीही चमत्कारिक घडलं की लोक आधी माझ्याकडे बघतात. पाद्रीबाबांच्या गाडीत बदक निघालं, तो मी. नगरसेवकाच्या अंगणात 'घर विकणे आहे'ची पाटी लागली, तोही मीच. आता पन्नाशी उलटली, पण हात शिवशिवायचे काही थांबत नाहीत.

बावीस वर्षांपूर्वी नदी आमच्या गल्लीत शिरली. सगळ्यांना जत्रेच्या मैदानावर हलवलं होतं. आमची घरं उंच लाकडी खांबांवर, म्हणून समोरचा क्लॅरी एकटा हट्टाने वर बसून राहिला. त्याची बायको नोरीन तेव्हा बहिणीकडे होती. पाणी ओसरल्यावर नगरपालिकेच्या माणसाने गाळाची रेघ बघून विजेच्या खांबावर पत्र्याची पट्टी ठोकली, पुराचं पाणी इथवर आलं म्हणून. माझ्या छातीला लागायची. आम्ही परतायच्या आत बंबवाल्यांनी गाळ धुऊन काढला, आणि खांबावरच्या पट्टीकडे कोण बघतंय?

मग दर शुक्रवारी क्लबात क्लॅरी सुरू. छातीएवढ्या पाण्यात तो कसा उतरला, शेजाऱ्यांचा कुत्रा खांद्यावर घालून कसा वर आला. पन्नासाव्या वेळी माझ्यातला किडा वळवळला. सकाळी जाऊन मी पट्टी उचकटली आणि गुडघ्याच्या उंचीवर ठोकली. शुक्रवारी सगळ्या टोळक्याला बियरच्या ग्लासांसकट खांबापाशी नेलं. लोक हसून हसून गवतावर बसले. त्या दिवसापासून तो 'गुडघाभर क्लॅरी'. तो आधी पट्टीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.  ती गोष्ट त्याने पुन्हा कधी सांगितली नाही. चार वर्षांनी गेला. पट्टी आज वर नेतो, उद्या नेतो, करत राहूनच गेली.

मग बिल्डर आला. नोरीनच्या घरासकट तीन घरं पाडायची आणि चोवीस फ्लॅट उठवायचे. नोरीनला त्यातला तळमजल्याचा फ्लॅट. चौदा पायऱ्या आता तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या, त्यामुळे ती खूश. नगरपालिकेचं जुनं दफ्तर त्याच पुरात वाहून गेलेलं, आणि त्या पुराची नोंद काय ती ही पट्टी, म्हणून बिल्डरच्या इंजिनियरने अहवालात पट्टीचा फोटो लावला. तळमजल्याची फरशी पट्टीच्या वीतभर वर, काळजी नको. मी हिशेब केला. खरं पाणी आलं तर नोरीनच्या गादीच्याही वर जाणार होतं.

जुनी खिळ्यांची भोकं दाखवावीत म्हणून धावलो, तर खांबच नवा. आदल्या वर्षी वीजवाल्यांनी बदलला आणि बिचाऱ्यांनी टेप लावून पट्टी होती त्याच उंचीवर बसवली.

रहिवाशांची सभा क्लबात भरली. दोन तास लोक पार्किंगवर भांडले, सावलीवर भांडले, एका जॅकरँडाच्या झाडापायी दोघी रडल्या. पाण्याचं कुणी नाव काढलं नाही. शेवटी मी उठलो आणि सगळं कबूल केलं. सगळा हॉल हशाने फुटला. अध्यक्षीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "लेन, पुढच्या वेळी बदकच आण बाबा."

बाहेर नोरीनने माझा हात धरला. "क्लॅरी थापाड्या होता," ती म्हणाली. "मी त्याला तसाच चालवून घेतला. आता तो गेल्यावर तू कशाला त्याच्या थापा खऱ्या करतोस?"

इमारत झाली. नोरीनने खिडकीत जिरेनियम लावले. समोरच माझं घर, अजून खांबांवर.

या मंगळवारी आमच्याकडे लख्ख ऊन होतं, पण वर डोंगरात चार दिवस पाऊस कोसळत होता. मी हातोडी घेऊन गेलो आणि पट्टी छातीएवढी ठोकली. मागून वॉकरची चाकं वाजली.

"ती खाली घे," नोरीन म्हणाली. "वरच्या मजल्यावर नवी माणसं आलीत, उगाच घाबरतील."

"नोरीन, हीच खरी जागा आहे."

"माझं घर पाडून झालंय, लेन. आता मला राहायला हेच आहे. माझे गुडघे वाकत नाहीत, नाहीतर मीच ठोकली असती. बस खाली."

मी पट्टी काढली आणि गवतात गुडघा टेकला. गुडघा भिजला. आमच्याकडे चार दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. मान वळवून बघितलं तर गटाराच्या जाळीतून पाणी वर येत होतं. तपकिरी, आवाज न करता, मधूनच एखादा बुडबुडा.

"माझ्या घरी चल," मी म्हणालो. "वर. आत्ताच्या आत्ता. धरून नेतो तुला."

तिने जाळीकडे पाहिलं, मग माझ्या भिजलेल्या पँटकडे. आणि हसायला लागली, पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"गटारात पाइप कुठून घातलास रे?" ती म्हणाली. "या वेळी मात्र फसतच होते मी."

मी तिचा वॉकर धरला. तिने माझ्या बोटांवर चापट मारली आणि वळली. हसत हसत ती आपल्या दाराकडे निघाली. मागे चाकांच्या दोन ओल्या रेघा उमटत गेल्या.