बिनवासाचं खोड

अयाडोच्या खडकाळ माळावर थनाखाचं झाड लावायचं ते नातवंडांसाठी. साल चंदनासारखी सहाणेवर उगाळून गालाला लावण्याजोगी व्हायला तीस-पस्तीस वर्षं जातात. घाई असेल त्याने तीळ पेरावेत. आणि एक गोष्ट इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की या झाडाला पाणी घालायचं नाही. तहानेनेच त्याच्या सालीत वास उतरतो.

ओन क्यीला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? उतारावरच्या चारशे झाडांना तिने कधी थेंबभर पाण्याने लाडावलं नाही. अंगणातल्या झाडाची गोष्ट मात्र वेगळी होती. मुलगी झाली तेव्हा तिची नाळ पुरून त्यावर नवऱ्याने ते रोप लावलं होतं. पुढे नवरा गेला, आणि दहा वर्षांपूर्वी तापात मुलगीही गेली. मागे उरली आठ वर्षांची नात, न्वे ऊ.

न्वे ऊ आता अठराची झाली होती. मंडालेच्या नर्सिंग शाळेत तिला गेल्या वर्षीच जागा मिळाली होती. पण आजीने अट घातली, "आईच्या झाडाचा तुकडा घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. आणि झाड अजून कच्चं आहे." पोर थांबली. यंदा पुन्हा पत्र आलं. झाड अडतीस वर्षांचं झालं होतं आणि म्हातारीजवळ दुसरी सबब नव्हती.

पोरीच्या गाडीच्या आदल्या सकाळी शेजारचा फो टाउंग करवत घेऊन आला. लुंगी खोचत त्याने झाडाला एक फेरी मारली.

"वहिनी, थनाखा आहे की भोपळा? काय बाळसं धरलंय."

"तोंड कमी चालवा, करवत चालवा."

झाड पडलं. त्याने वीतभर तुकडा कापला, सहाणेवर पाणी शिंपडून उगाळला, बोट नाकाशी नेलं आणि सहाण न्वे ऊपुढे सरकवली. तिनेही वास घेतला आणि मान खाली घातली. नुसत्या ओल्या लाकडाचा वास होता.

"पाणी घातलंत?" फो टाउंगने विचारलं.

"तांदळाचं धुवण. रोज एक बादली. दहा वर्षं."

"माझ्या रोपांना मी एकदा पाणी दिलं तर तुम्ही माझ्या सात पिढ्यांचे वाभाडे काढले होतेत."

ओन क्यी सहाणेकडे बघत राहिली. "पोर तापात पाणी पाणी करत होती. वैदू म्हणाला, देऊ नका, ताप वाढेल. मी दिलं नाही. त्यानंतर त्या झाडाला तहानलेलं ठेवणं माझ्याच्यानं झालं नाही."

न्वे ऊ म्हणाली, "राहू दे आजी. मी नाही जात."

खोटं कशाला बोला, ओन क्यीला क्षणभर आनंद झाला. नातीचा चेहरा पाहिला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

फो टाउंग खाकरला. "एक मूळ कुंपणाखालून खडकात गेलंय. तिथे काही तुमचं धुवण पोचलं नसणार, त्याला वास असेल. पण ते काढायचं तर अख्खा बुंधा उपटावा लागेल. तो तसाच ठेवला तर पावसाळ्यात याला धुमारे फुटतील, झाड पुन्हा उभं राहील."

"बुंध्याला हात लावायचा नाही," न्वे ऊ म्हणाली. "आईची नाळ आहे तिथे."

"तुझ्या आईची आहे ना? तुझी दवाखान्यात राहिली, मग तुला या मातीनं कुठं बांधलंय?" म्हणत ओन क्यी उठली, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि पहिला घाव तिनेच घातला.

दुपारपर्यंत खणणं चाललं. मूळ निघालं ते मनगटाएवढं, वाकडं, दगडांनी चेपलेलं. फो टाउंगने ते जरासं उगाळलं आणि वास घ्यायला कोणाला वाकावं लागलं नाही. ओन क्यीने गंध बोटांवर घेऊन नातीच्या दोन्ही गालांना लावला. गंध वेडावाकडा लागला, तरी न्वे ऊने तो पुसला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ती गेली तेव्हा मूळ तिच्या पिशवीत होतं.

आठवड्याने फो टाउंग लाफे, म्हणजे मुरवलेला चहापाला, घेऊन डोकावला. खड्डा बुजवलेला होता. ओन क्यी सहाणेपाशी बसून ते जाडजूड खोड उगाळत होती. तिच्या गालांवर पांढरट लेप वाळला होता.

"वहिनी, उतारावर चारशे वासाची झाडं उभी आहेत. आणि तुम्ही हे लावताय?"

"गार वाटतं," ओन क्यी म्हणाली, आणि तिने सहाणेवर आणखी थोडं पाणी घातलं.