ब्रेकला लोणी

मित्रांनो, मी मोर्शीच्या देवरावांची म्हातारी जीप. म्हातारी असले तरी हॉर्न अजून कडक आहे बरं का! तरुणपणी सरकारी साहेबांना मेळघाटात हिंडवलं. पुढे लिलावात देवरावांनी मला घेतलं, तेव्हापासून त्यांची संत्री वाहते.

गेल्या वर्षी देवरावांनी बैलजोडी विकली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोण्या-हळदीने चोळायचे, तर गोठा रिकामा! देवराव पडले हळवे. वाटी घेऊन थेट माझ्याकडे आले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," हे बैलांचं बोलावणं त्यांनी मला केलं आणि बॉनेट चोळलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मग त्यांना आठवलं, माझे ब्रेक किंचाळतात. चाकं खोलून त्यांनी आतल्या ब्रेकपट्ट्यांनाही लोणी फासलं.

"लय घासली माही बाई. घे आता आराम!"

दुसऱ्या दिवशी आम्ही ऐटीत पोळ्याच्या मैदानाकडे उतार उतरू लागलो. देवरावांनी ब्रेक दाबला. मी कुठली थांबते! मानाच्या जोडीआधी मीच तोरण तोडलं आणि कडब्याच्या गंजीत घुसले. कोणाला खरचटलंही नाही. गाव पोट धरून हसलं, पण देवरावांच्या पत्नी जाईबाई भडकल्या.

"उद्याच भंगारात द्या इले!"

 देवरावांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी धावत जाऊन गॅरेजवाल्या अकीलाला आणलं. तिने ब्रेकचा ड्रम उघडून वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"या अल्ला! चाचा, ब्रेकले लोणी? बैलाचा खांदा घासू नये म्हनून लोणी लावतेत. ब्रेकचं तं कामच घासाचं हाय!"

तिने तेलकट पट्ट्या फेकून नव्या बसवल्या, ड्रम लख्ख पुसला. उष्णता सोसणारं ग्रीस लावलं तेही पुसटसं, आणि जिथे लोखंडावर लोखंड सरकतं तिथेच. पट्टीला मात्र एक थेंब शिवू दिला नाही.

मग देवराव एकटेच मला उतारावर घेऊन आले. खाली जाईबाईंनी पायाने मातीत रेघ ओढली. "इथं थांबली तं घरात, नाई तं भंगारात!"

देवरावांनी डोळे मिटून ब्रेक दाबला. वेड्या माणसा, डोळे तरी उघडे ठेव! पण मी थांबले. रेघेच्या हातभर अलीकडे, न किंचाळता!

जाईबाई पदर सावरून शेजारी चढून बसल्या. "बसले काय असे? चाला, रिद्धपूरले दर्शनाले जाऊन येऊ!"

मित्रांनो, जुन्या गाडीवर माया जरूर करा. पण ग्रीस कुठे लावायचं आणि कुठे कोरडं ठेवायचं, हे जाणत्याला विचारून करा. आम्हाला थांबता आलं, तरच घरच्यांना पुढे नेता येतं.