मी, गुरुवारच्या बायकांचा चेंडू

मी व्हॉलीबॉल बोलतोय. जरा कान जवळ आणा. माझ्यात हवा फारशी उरलेली नाही, आणि जी आहे ती बोलण्यात घालवायची म्हणजे जिवावर येतं.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईनं मला हातानं शिवलं आणि शेवटचा टाका आत दडवताना भलीमोठी जांभई दिली. माझ्या अंगातला थकवा तिथूनच आला असावा, असा मला दाट संशय आहे.

मग मी एका शाळेत गेलो. आठ वर्षं पोरांनी मला हातांनी कमी आणि लाथांनी जास्त खेळवलं. व्हॉलीबॉलला लाथ मारू नये असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पण भिंत वाचतो कोण? पुढे नवे चेंडू आले आणि माझी रवानगी हॉलमागच्या खोलीत, फाटक्या गाद्यांच्या ढिगात झाली. लोकांना वाटतं, अडगळीत पडून राहणं म्हणजे आराम. एकदा पडून बघा. त्यानंही अंग मोडून येतं.

एका गुरुवारी त्या खोलीचं दार नर्सबाईंनी उघडलं. त्यांच्या दवाखान्यात पाठ दुखते, झोप येत नाही म्हणून बायका यायच्या, गोळ्या घेऊन जायच्या आणि महिन्यानं तेच दुखणं घेऊन परत यायच्या. नर्सबाईंनी शाळेकडून संध्याकाळी सहा ते सात हॉल मागून घेतला आणि अशा पाचजणींना बोलावलं. पंपानं माझ्यात हवा भरून त्यांनी मला अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "चालेल हा." माझ्या वाट्याला आयुष्यात आलेलं कौतुक ते एवढंच.

नर्सबाई, बस चालवणारी, बेकरीवाली, लॉन्ड्रीतल्या दोघी बहिणी आणि कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसणारी शिंपीणबाई, अशा या सहाजणी. रंग वेगळे, देव वेगळे, डबे वेगळे. गुडघे तेवढे सगळ्यांचे सारखेच कुरकुरायचे. शिंपीणबाई मराठी, मुलाबरोबर त्या परदेशी गावात राहणारी. फोनवर तिची धाकटी बहीण तिला ताई म्हणायची ते बसवालीनं ऐकलं आणि ताई हेच तिचं नाव असं ठरवून टाकलं. मग तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या नर्सबाईसुद्धा तिला ताईच म्हणू लागल्या. तिनंही कुणाला सुधारलं नाही. नवरा गेल्यापासून ती कशालाच हो-नाही करत नव्हती.

पहिले काही आठवडे मी नुसता जमिनीवर आपटत होतो. चेंडू कोण घेणार हे ओरडून सांगायचं असतं, आणि प्रत्येकजण आपापल्या भाषेत ओरडायची. त्यात बेकरीवालीच्या भाषेतलं 'माझा' लॉन्ड्रीतल्या बहिणींच्या कानाला 'सोडा' असं ऐकू यायचं. तिनं ओरडावं आणि या दोघींनी नेमकं बाजूला व्हावं. एकदा तर ती माझ्यावर आणि बसवाली तिच्यावर अशा दोघी आदळल्या.

मग एकच शब्द ठरवायची सभा भरली. प्रत्येकीला आपलाच शब्द हवा होता. कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत बसलेली ताई स्वतःशीच पुटपुटली, "नुसतं 'घेते' म्हणा की." तो शब्द बाकी कुणाच्याच भाषेतल्या कशासारखा वाटत नव्हता, म्हणून तोच पक्का झाला. त्या दिवसापासून पाच भाषांच्या बायका 'घेते' म्हणून ओरडू लागल्या. बसवालीच्या तोंडी त्याचं 'गेटे' व्हायचं. ताईची भाषा त्या गावात आजवर फक्त तिच्या घरात आणि फोनमध्ये होती. आता ती हॉलभर घुमायची, आणि ताई हसायची. मला तळहातावर घेताना तिचे हात आता सैल असायचे.

असं दीड वर्ष चाललं. मग ताईच्या उजव्या हाताचं बोट मुरगळलं, माझ्यामुळेच. शिवणकाम दोन आठवडे अडलं. तिच्या मुलानं घरी सांगितलं, आता पुरे. तिनं वाद घातला नाही. त्या गुरुवारी खेळ संपल्यावर तिनं प्रत्येकीचा हात हातात घेतला, "येते हं" म्हणाली आणि गेली.

झाली ना पंचाईत. दीड वर्षात या बायका थोडं मराठी शिकल्या होत्या. येते म्हणजे येणार. पुढच्या गुरुवारी त्यांनी मागची डावी जागा ताईसाठी मोकळी ठेवली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. मी सारखा त्या मोकळ्या जागेत पडायचो आणि कुणीच घ्यायला धावायची नाही. चार आठवडे हे चाललं. माझी एक शिवण उसवली आणि नर्सबाईंना निमित्त मिळालं. मला पिशवीत घालून त्या बसवालीसोबत ताईच्या दुकानात गेल्या.

बसवालीनं मशीनवर दोन्ही हात टेकले आणि विचारलं, "येते म्हणालीस ना तू?"

ताईनं कात्री खाली ठेवली. "आमच्यात जातानाही येतेच म्हणतात. जाते असं कुणी म्हणत नाही. बरं नसतं ते."

"मग कायमची जाणार असलीस तर कसं कळणार?"

ताईनं कात्री पुन्हा उचलली. मग म्हणाली, "कळत नाही."

नर्सबाईंनी तिचं बोट हातात घेऊन वाकवून पाहिलं. ते बरं झालेलं होतं. झोप कशी आहे म्हणून विचारलं, तेव्हा ताईनं खरं सांगितलं. गुरुवारी तेवढी लागायची, आता तीही नाही. बसवालीनं विचारलं, मग या गुरुवारी येशील? ताई म्हणाली, "बघते." यावर दोघी खूश होऊन निघाल्या. मराठीत 'बघते' म्हणजे बहुतेक वेळा नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला सांगता येत असतं तर सांगितलं असतं.

ताईनं मला शिवायला घरी नेलं. छान घर होतं, स्वच्छ. मुलगा कामावरून यायचा, सून कामावरून यायची, आई जेवलीस का, गोळी घेतलीस का असं विचारून दोघं आपापल्या खोलीत जायची. वाईट नव्हती हो. दमलेली होती. ताई टीव्हीचा आवाज बंद ठेवून समोर बसायची. तीन दिवस मी तिच्या मांडीवर होतो आणि तीन दिवसांत तिला विचारलेले प्रश्न मी मोजले. सहा.

गुरुवारी साडेपाचला शेवटचा टाका घालून तिनं दोरा दातानं तोडला. मग उठून बूट शोधू लागली. कपाटात नाही, पलंगाखाली नाही. ते खोक्यात घालून माळ्यावर टाकले होते. मुलगा नुकताच आला होता. त्याला कळलं तशी त्याच्या कपाळाला आठी पडली.

"आई, पडलीस-बिडलीस तर कोण बघणार?"

ताई म्हणाली, "पडले तर उचलायला तिथे पाचजणी आहेत. इथे मी रोज संध्याकाळभर बसलेली असते, तेव्हा कोण बघतं?"

ती ओरडली नाही. साधंच बोलली. मग मुलानं स्टूल ओढलं, माळ्यावरून खोकं काढलं आणि बुटांवरची धूळ आपल्या शर्टाच्या बाहीनं पुसून ते तिच्या पायांशी ठेवले.

त्या संध्याकाळी मागच्या डाव्या जागेत मी एकदाही जमिनीवर पडलो नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्या हातांत होतो. आता आतलं रबर गेलंय. ताईनं उलटंसुलटं करून पाहिलं, पण ते सुईचं काम नव्हे. नवा पिवळा चेंडू आलाय आणि मी पुन्हा गाद्यांच्या ढिगात आहे. खोटं कशाला बोलू, बरं वाटतंय. खूप मार खाल्लाय मी, आणि चांगल्या हातांचा खाल्लाय.

एकच मागणं आहे. तुमच्या घरातली कुणी बाई संध्याकाळी बूट शोधताना दिसली, तर कुठे निघालीस, कशाला, परत कधी येणार, असं विचारत बसू नका. तिच्याबरोबर शोधू लागा.

बास. आता मला पडू द्या.