मी राखीव निवटी बोलतेय

मी एक निवटी आहे, आणि मला चंपाचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की बरणीत बसून गोड गोड बोलत होती.

निवटी म्हणजे ओहोटीला खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा मासा. डोळे डोक्यावर, त्यामुळे बसल्या जागेवरून आम्हाला सगळं दिसतं. पाणी उतरलं की बाकीचे मासे पाण्यामागे धावतात. आम्ही चिखलातच राहतो, बिळं करतो आणि शेजाऱ्यांशी भांडतो. चंपा माझ्या शेजारच्या बिळातली. तेव्हा तिला नाव नव्हतं, आणि ती माझ्यापेक्षा देखणी वगैरे तर मुळीच नव्हती. मी तिच्या दाराशी गेले की पाठीवरचा पर उभारून अंगावर यायची, एवढंच तिचं कर्तृत्व.

२००६ साली भाईंदरजवळच्या चौक गावच्या गोदूबाईने आम्हा दोघींना एकाच दुपारी बिळातून हात घालून काढलं. ती रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसायची. त्या दिवशी तिच्याकडे रसिका आली. रसिका भाईंदर पश्चिमेतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात पीएचडी करत होती. तिला निवट्या खायला नको होत्या. एका निवटीच्या अगदी पातळ चकत्या करायच्या, प्रत्येक चकतीचा फोटो काढायचा आणि ते फोटो कॉम्प्युटरवर जोडून अख्खा मासा पुन्हा उभा करायचा, असा तिचा बेत होता. म्हणजे मग जगात कुणालाही, मासा न कापता, त्याच्या पोटात डोकावता आलं असतं.

"भैया, दो मिनट रुको ना!" रसिका मागे वळून रिक्षावाल्याला विनवत होती.

"मॅडम, इधर से वापसी का भाडा नहीं मिलता," तो कुरकुरत होता.

तेवढ्यात गोदूबाईने माझ्या शेजारणीला उचललं आणि तिच्या पोटावरून अंगठा दाबत मागे ओढला. "ताय, पोटान चिखल हाय यांचे. काढून देतंय, न्हाय त दातान रेती येल." सगळ्याच गिऱ्हाइकांना ती हे मायेनं करून द्यायची. ताईचं लक्ष रिक्षाकडे. शेजारणीच्या पोटातून चिखल आला आणि चिखलामागून थोडं हिरवं पाणी आलं. आत काहीतरी फुटलं होतं. मग तो अंगठा माझ्याकडे वळला, आणि मी अशी उसळले की थेट रसिकाच्या डब्यात जाऊन पडले.

"लय चालू हाय ही!" गोदूबाई हसली. रसिकाही हसली. तिने तेवढंच पाहिलं.

कॉलेजात रसिकाच्या मार्गदर्शक मृणालिनी मॅडम होत्या. औषधाच्या पाण्यातून आम्हा दोघींना काढून त्यांनी निरखलं. माझी छाती अभिमानाने फुगली होती, पोट तर चिखलाने फुगलेलंच होतं.

"ही घे," मॅडम म्हणाल्या, शेजारणीकडे बोट दाखवून. "पोट बघ कसं सपाट आहे, नीट कापली जाईल. ती दुसरी टम्म फुगलेय. राखीव ठेव."

झालं! जिचं आतून वाटोळं झालं होतं ती निवडली गेली, आणि धडधाकट मी बरणीत. कॉम्प्युटरात फाइलला नाव द्यावं लागतं म्हणून रसिकाने तिचं नाव ठेवलं चंपा. माझ्या बरणीवर चिठ्ठी लागली, 'राखीव'. हे काय नाव आहे?

माझं फडताळ नेमकं कॉम्प्युटरसमोर. कापायला घट्ट व्हावी म्हणून चंपा मेणात बसली, तिच्या चकत्या झाल्या, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, संपली. कसली संपतेय! ती पडद्यावर उगवली. रसिका रोज येऊन तिच्या एकेका चकतीवर माउसने रेघ ओढायची. काळीज तांबडं, आतडं पिवळं, कल्ले गुलाबी. चिखलातली मळकट बाई नवरी होऊन बसली. कॉलेजातली मुलं यायची आणि म्हणायची, "चंपाला जरा फिरव ना." मग ती फिरायची, स्वतःभोवती, मिरवत. घरून आईचा फोन आला की रसिका सांगायची, "चंपाजवळ बसलेय गं, उशीर होईल." माझ्याजवळ कोण बसलं होतं? माझ्या बरणीतलं पाणी पिवळं झालं, खाली गेलं. एकदा कुणीतरी समोर जेवणाचा डबा ठेवला आणि तो तिथेच राहिला. त्या डब्याआडून मला अर्धीच चंपा दिसायची. अर्धीही पुरे होती जळायला.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. तिच्या पोटात पित्ताची पिशवीच नव्हती! रसिकाने सगळ्या चकत्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. शेवटी तिने प्रबंधात लिहिलं की या माशाला पित्ताशय नसतं. मॅडम खूश. म्हणाल्या, हे नवीनच सापडलं. अगं, नवीन कसलं, चौकच्या रस्त्यावर सांडलं ते! मी बरणीत किती ओरडले असेन. पण मेलेल्या माशाचं कोण ऐकतं?

रसिकाने चंपाला इंटरनेटवरही ठेवलं होतं. मग एक दिवस तिला तिथे पाहिलेल्या दुसऱ्या गावच्या कुणा अभ्यासकाचा मेल आला. रसिकाने तो मॅडमना वाचून दाखवला. 'माझ्याकडच्या निवटीला पित्ताशय आहे. तुमच्या निवटीला खरंच नाही का?'

मॅडमनी तो मेल स्वतः पुन्हा वाचला. "एक अवयव चुकला असं निघालं ना रसिका, तर बाकीच्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. सगळं काम वाया जाईल."

रसिका तशीच उठून चौकला गेली. परत आली तेव्हा चेहरा उतरला होता. "मॅडम, ती मासेवाली पोट दाबून देते. सगळ्यांनाच. आत्ता माझ्यासमोर दाबलं तिने. तेव्हाही दाबलं असणार आणि मी रिक्षावाल्याशी वाद घालत होते." ती रडायलाच लागली. खरं सांगते, चंपाची फजिती झाली याचा मला झालेला आनंद त्या रडण्यापुढे टिकला नाही. पोरीने वर्षंच्या वर्षं घातली होती त्या कामात.

"नवीन मासे नकोत," मॅडम म्हणाल्या. "त्याच दिवशीचा, त्याच चिखलातला हवा, तरच ताडून पाहता येईल. राखीव कुठेय?"

जेवणाचा डबा सरकला. रसिकाने ओढणीने माझी बरणी पुसली आणि तोंड अगदी जवळ आणून पाहिलं. "मॅडम, ही तर हातातून सुटून डब्यात उडी मारलेली! हिला नाही दाबलेलं!"

तिला मी आठवत होते. इतकी वर्षं मला फक्त एवढंच हवं होतं. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं, पात्याचं काम मी रोज पाहत आले होते. तरी त्या क्षणी बरणीचं झाकण घट्ट बसून उघडलंच नसतं तर मला वाईट वाटलं असतं.

माझं डोकं आणि शेपूट बाजूला काढून बरणीत परत ठेवलं आणि मधल्या भागाच्या चकत्या केल्या. यकृताच्या मागे ती सापडली, इवलीशी, गोल, भरलेली पिशवी. रसिका खुर्चीवरून उठून मॅडमच्या गळ्यात पडली. मी वाट पाहू लागले की आता पडद्यावर मी उगवणार. मला कुठला रंग देतील, नाव काय ठेवतील?

"अख्खा मासा नव्याने करायला वेळ कुठेय?" मॅडम म्हणाल्या. "हिची पिशवी चंपात बसव आणि खाली तशी टीप दे."

तसंच झालं. प्रबंधातलं ते वाक्य बदललं, रसिका डॉक्टर झाली. मला त्याचा आनंद आहे, अगदी मनापासून. पण माझी पिशवी पोटात घालून ती चंपा अजून फिरतेय, आणि सगळे म्हणतात, काय सुंदर मासा! हेव्याने पोटात दुखतं म्हणतात. मला आता पोटच नाही, तरी दुखतं.

एक मागणं आहे. कधी तुम्ही ती चंपा उघडलीत तर यकृतामागे एक हिरवा ठिपका दिसेल. त्यावर क्लिक करा आणि खालची बारीक अक्षरातली टीप वाचा. थोडं थांबा तिथे. चंपाला काय, सगळे बघतातच.